नावाच्या रकान्यावर ठेवलेली पत्रिका

पोलिसांकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा असं मी ठरवलं, तेव्हा मामी म्हणाली, "नको गं बाई, त्यांच्याशी कशाला वैर?" तिचं माहेर तळेगाव दाभाड्याचं. तिथे माहिती अधिकार म्हटलं की अजून सतीश शेट्टींचं नाव निघतं. जमिनीच्या व्यवहारांचे कागद बाहेर काढणारा हा माणूस 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला बाहेर पडला आणि भर रस्त्यात त्याचा खून झाला. मामीच्या मनात पोलीस, अर्ज आणि ती सकाळ यांची एकच गाठ बसलेली. मी तिला समजावलं की मला कुणाचा भ्रष्टाचार बाहेर काढायचा नाही, मला फक्त मामाच्या अपघाताचे कागद हवेत. ती म्हणाली, "त्यांना काय ठाऊक तुला काय काढायचंय ते?"

या प्रश्नाला पुढचे पाच महिने मी वेगवेगळ्या टेबलांपुढे उत्तरं देत होते.

जानेवारी 2024 च्या तिसऱ्या आठवड्यात मामा स्कूटरवरून दूध आणायला निघाला होता. मागून टेम्पोने उडवलं. उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली, आत रॉड घालावा लागला. गुन्हा नोंदवला गेला, भादंवि 279 आणि 338, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं आणि त्यातून गंभीर दुखापत (नवे कायदे जुलैपासून आले). एफआयआरची प्रत फिर्यादी म्हणून मामाला फुकट मिळाली. तिथून पुढे मात्र काही हलेना. टेम्पोचा विमा कुठल्या कंपनीचा, चालकाकडे परवाना होता की नाही, पंचनाम्यात काय लिहिलंय, काही पत्ता नाही. हे कळल्याशिवाय मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावणार कसा? आणि मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. म्हणजे आम्हाला जुलै गाठायचा होता.

खरं तर याच 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी 48 तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, जखमीलाही त्याची प्रत आणि त्याच्या हक्कांचा कागद द्यायचा असतो. मी तपासी हवालदारांना हे सांगितलं तर ते कौतुकाने म्हणाले, "ताई, तुम्ही बरंच वाचलंय." पुढच्या खेपेला ते निवडणुकीच्या बंदोबस्ताला गेले होते. त्याच्या पुढच्या खेपेलाही.

मी एका चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात हिशेब लिहिते, वीस वर्षं झाली. रजिस्टर, पावती, पोच यांची मला भीती वाटत नाही. म्हणून मार्चमध्ये माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, जोडपत्र 'अ', भरायला बसले. महाराष्ट्राच्या नियमात 2012 पासून दोन अटी आहेत: एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. माझा पहिला मसुदा भरला 312 शब्दांचा, त्यात मामाचा पाय, मामीची शिवणकामाची कमाई, सगळं होतं. ते सगळं काढलं. पेन्सिलीने एकेका शब्दावर टिंब देत मोजत गेले. 'सदर' आणि 'कृपया' हे दोन शब्द काढले की किती जागा होते ते तेव्हा कळलं. शेवटी राहिलं ते असं: अमुक गुन्हा क्रमांक, पहिला अपघात अहवाल, स्थळ पंचनामा, वाहनाच्या विम्याची आणि चालकाच्या परवान्याची प्रत, तपासाची सद्यस्थिती. 118 शब्द. कोर्टाजवळच्या वेंडरकडून दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट आणून चिकटवलं.

जोडपत्रात कारणाचा रकाना नाही हे मी तेव्हाच पाहून ठेवलं होतं. माहिती अधिकार कायद्याचं कलम 6(2) सांगतं की अर्जदाराला कारण विचारायचं नाही, संपर्कापुरता पत्ता सोडून वैयक्तिक तपशीलही विचारायचा नाही. पण हे कलम ठाण्यात अर्ज घेणाऱ्या बारनिशीच्या टेबलापर्यंत पोचलेलं नव्हतं.

"कुठल्या संघटनेच्या?"

"कुठल्याच नाही."

"पत्रकार?"

"नाही."

"मग कशाला पाहिजे हे?"

त्या लिपिकाच्या आवाजात दटावणी नव्हती. रेशन दुकानात 'किती माणसं घरात' विचारतात तसं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मामाचा अपघात झालाय. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "असं होय. मग आधी सांगायचं ना." त्यांनी तिकिटावर आडवी रेघ मारली, शिक्का उठवला, दुय्यम प्रतीवर पोच दिली. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. मामाचा अपघात नसता, मला नुसतंच जाणून घ्यायचं असतं, तर तो चेहरा सैल झाला असता का, हे डोक्यात राहिलं.

उत्तर 28 व्या दिवशी आलं. दीड ओळ. "सदर गुन्हा तपासावर असल्याने कलम 8(1)(ज) अन्वये माहिती देता येत नाही."

इथे एक गंमत झाली, तेव्हा मात्र गंमत वाटली नव्हती. आमच्या साहेबांचे एक वकील मित्र ऑफिसात आले होते, त्यांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, "जे म्हणजे खासगी माहिती. टेम्पोवाल्याची खासगी माहिती म्हणून नाकारलीय." मी रात्री बसून खासगीपणावर दोन पानी अपील लिहिलं. सकाळी माहिती अधिकाराचं मराठी पुस्तक उघडलं तेव्हा लक्षात आलं की मराठी कायद्यात पोटकलमं क, ख, ग, घ, ङ, च, छ, ज अशी चालतात. म्हणजे आपला 'ज' हा इंग्रजीतला एच. तपासाला अडथळा येईल ते कलम. खासगी माहितीचं, इंग्रजीतलं जे, ते मराठीत 'ञ'. वकीलसाहेब इंग्रजी प्रत वाचणारे, लिपिक मराठी, आणि मधे माझी रात्र गेली. तुम्हाला कधी असं पत्र आलं तर आधी हा 'ज' कुठला ते बघा.

ते फाडून अपील नव्याने लिहिलं ते अर्ध्या पानात. 2007 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात म्हटलंय की तपास चालू आहे एवढं पुरत नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. आणि कलम 19(5) प्रमाणे नकार बरोबर होता हे सिद्ध करायची जबाबदारी नाकारणाऱ्याची. एवढंच लिहिलं. वीस रुपयांचं तिकीट. अपील एप्रिलच्या शेवटी दाखल केलं. मग निवडणूक आली, आमच्याकडे मतदान 13 मेला होतं. सुनावणीची तारीख मिळाली ती निकालानंतरची, जूनच्या पहिल्या आठवड्यातली.

सुनावणी उपायुक्तांच्या कार्यालयात होती. बाहेर व्हरांड्यात एक लांब लाकडी बाक, त्याचा एक पाय विटेवर टेकलेला. अकराची वेळ सगळ्यांनाच दिलेली, त्यामुळे आम्ही सात-आठजण दाटीने बसलो होतो. माझी समजूत अशी होती की इथे झब्बा घातलेले, काखेत फायली धरलेले कार्यकर्ते भेटतील. तसा एकच होता आणि तोही लवकर निघून गेला.

माझ्या डाव्या हाताला निवृत्त हवालदार होते. केस बारीक कापलेले, बूट चकचकीत. चौतीस वर्षं नोकरी केली त्याच खात्याकडे ते माहिती मागत होते. निवृत्तीच्या आधी एका विभागीय चौकशीत त्यांची वेतनवाढ रोखली होती, त्या चौकशीचे जबाब त्यांना हवे होते. मी म्हटलं, तुम्ही आत जाऊन ओळखीने मागितले असते तर? ते हसले. "ओळख आहे म्हणूनच कोण देत नाही. अर्ज असला की देणारा म्हणतो, माझा काय इलाज, कायदा आहे." हे मला आधी सुचलंच नव्हतं. अर्जाचा आधार मागणाऱ्याइतकाच देणाऱ्यालाही असतो.

पलीकडे एक बाई आपल्या लेकीला घेऊन आलेली. लेकीने नवऱ्याविरुद्ध तीन वेळा तक्रार दिली होती, तिन्ही वेळा अदखलपात्र म्हणून एन.सी. लिहून घेतली. त्या तीन एन.सी.वर पुढे काय केलं, एवढाच प्रश्न. मुलगी एक शब्द बोलली नाही, आई मात्र प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. एक तरुण आखातात नोकरीला निघालेला, चारित्र्य पडताळणीत अडकलेला. कॉलेजात असताना गणपतीच्या मिरवणुकीत झालेल्या मारामारीत त्याचं नाव होतं की नव्हतं, ते त्यालाच माहीत नव्हतं. एकाची मोटारसायकल चोरीला गेलेली. चोरटा सापडला नाही, म्हणून विमा कंपनीला 'अ' समरी पाहिजे, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागत नाही असा कोर्टाने मंजूर केलेला अहवाल. तो कोर्टात पाठवलाय की कपाटात आहे, ते कुणी सांगेना.

सगळ्यांचे प्रश्न 'माझ्या कागदाचं काय झालं' याच जातीचे. फिर्यादीला किंवा पीडिताला तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत कळवायची, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आता कलम 193 मध्ये लिहिलंय. तो बाक भरला होता तेव्हा ते कलम लागू व्हायला महिनाही राहिला नव्हता. ते नीट पाळलं तर तो बाक अर्धा रिकामा होईल असं मला वाटतं. माझं अनुमान, मोजलेलं नाही.

आत गेले तेव्हा उपायुक्तांनी पण तेच विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी "भाची" म्हणून टाकलं आणि मग जीभ चावली. म्हटलं, "साहेब, पण मी कुणी नसते तरी कायद्याने चाललं असतं." क्षणभर शांतता. मग ते ठाण्याच्या सहायक निरीक्षकाकडे वळले. "पंचनाम्याची प्रत दिली तर तपास कुठे अडणार आहे? टेम्पो ताब्यात घेऊन सोडलाय, चालकाचा जबाब झालाय." निरीक्षक म्हणाले, साक्षीदारांचे नंबर आहेत त्यात. "मग तेवढे काळे करा." कलम 10 नेमकं हेच सांगतं, देता न येणारा भाग झाकून उरलेलं द्यायचं. चार मिनिटांत संपलं. याच चार मिनिटांसाठी चव्वेचाळीस दिवस गेले होते.

सात दिवसांनी चौदा पानं मिळाली. पानाला दोन रुपये प्रमाणे अठ्ठावीस रुपये भरले. काळ्या मार्करने झाकलेले नंबर पान उलटं करून उजेडात धरलं तर वाचता येत होते. मी वाचले नाहीत, पण ठाण्यात जाऊन सांगितलं की पुढच्या वेळी काळं करून परत झेरॉक्स काढा आणि ती द्या. लिपिकाने ते टिपून घेतलं.

दावा जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागला. माझं काम झालं होतं. पण तो बाक डोक्यातून जात नव्हता. पोलिसांना कोण कोण माहिती मागतं? वर्षाअखेरीस माहिती आयोगाकडे जो अहवाल जातो त्यात अर्ज किती आले, किती नाकारले, कुठल्या कलमाने नाकारले एवढं असतं. अर्जदार कोण होते हे कुठेच नसतं, कारण कायद्यालाच ते विचारायचं नाही. हे बरोबरच आहे. पण मग 'हे सगळे ब्लॅकमेलर असतात' असं लोक कशाच्या जोरावर म्हणतात?

म्हणून ऑगस्टमध्ये दुसरा अर्ज टाकला. या वेळी मजकूर 31 शब्दांचा: माहिती अधिकार अर्जांच्या नोंदवहीचं मागच्या वर्षभराचं अवलोकन करायचं आहे, अर्जदारांची नावं-पत्ते झाकावेत. नावं झाकावीत हे मी आपणहून लिहिलं. कलकत्ता उच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलंय की अर्जदाराने नुसता पोस्ट बॉक्स क्रमांक दिला तरी चालावं, आणि त्यामागे अर्जदारांच्या जिवाची काळजी होती. मामीच्या तळेगावपासून ते फार लांब नाही.

अवलोकनाला बोलावलं. लिपिक तेच. नोंदवही लांबलचक, लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपरे मऊ पडलेले. नाव झाकायचं कसं हा प्रश्न त्यांना पडला. मग ड्रॉवरमधून त्यांनी कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका काढली, उभी दुमडली, नावाच्या रकान्यावर ठेवली. बरोबर बसली. पान उलटलं की पत्रिका सरकवायची. एक तास असं चाललं. पत्रिकेवरचा गणपती सबंध वेळ माझ्याकडे बघत होता.

विषयाचा रकाना उघडा होता आणि वीस वर्षं खतावण्या वाचलेल्या माणसाला तेवढा पुरतो. 'स्वतःच्या बदलीबाबत.' 'घरभाडे भत्ता फरक.' 'शासकीय निवासस्थान प्रतीक्षा यादी.' 'विभागीय चौकशी जबाब.' हे अर्ज बाहेरचे कोण करणार? हे खाकीतले. पोलिसांना संघटना बांधायला 1966 च्या कायद्याने बंधन आहे, वरिष्ठांना उघडपणे विचारायची सोय नाही, तेव्हा दहा रुपयांचं तिकीट हीच त्यांची संघटना. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरीश देशपांडे प्रकरणात अधिकाऱ्याच्या सेवेची माहिती ही सर्वसाधारणपणे खासगी ठरवली, त्यामुळे दुसऱ्याच्या बदलीचं विचारलेलं नाकारलं जातं. त्या नोंदींपुढे लाल शाईत 'ञ' होता. पुढे 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने या 'ञ'चं शेपूट, म्हणजे त्यातला जनहिताचा अपवाद, छाटून ते नुसत्या 'वैयक्तिक माहिती'वर आणून ठेवलंय, म्हणजे लाल शाई आणखी लागणार.

मग 'माझ्या अर्जावरील कारवाई' या धर्तीच्या ओळी, पानामागून पान. अपघाताचे कागद. 'अ' समरी. सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणाची एन.सी. भाडेकरूची नोंद केली होती का. मंडळाला ध्वनिक्षेपकाची परवानगी किती वाजेपर्यंत दिली. एका ओळीत एका व्यक्तीवर दाखल गुन्ह्यांची माहिती मागितलेली, नाकारलेली. मी विचारात पडले, निवडणुकीतला विरोधक असेल. लिपिक म्हणाले, "नाही हो, स्थळ बघत होते. मुलीचे वडील." ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण मागणाऱ्याही काही ओळी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितलंय की हे चित्रीकरण 18 महिने, तेवढं जमत नसेल तर निदान वर्षभर जपून ठेवा. त्या ओळींपुढे बहुतेक 'चित्रीकरण उपलब्ध नाही'.

आणि हो, लोक ज्यांना ब्लॅकमेलर म्हणतात तसे एकजणही होते. एकाच शाईत, एकाच वळणाने, दर आठवड्याला एक. परमिट रूम, लॉज, ऑर्केस्ट्राचा परवाना, पुन्हा परमिट रूम. "हे अर्ज टाकतात, मग त्या हॉटेलात जाऊन बसतात, मग अर्ज मागे घेतात," लिपिक म्हणाले. खरं असेल. मला तपासायची सोय नव्हती, आणि पत्रिकेखालच्या माणसाला आपली बाजू मांडायला मी बोलावलं नव्हतं. पण त्या वहीत तो एकटा जेवढी जागा अडवतो, त्याच्या कितीतरी पट जागा बोलण्यात अडवतो. लिपिकालाही तेवढा एकच आठवत होता. बाकावरच्या त्या मुलीच्या आईची ओळ आठवत नव्हती.

मार्चच्या पानावर मला माझी ओळ सापडली. नाव झाकलेलं होतं, पण तारीख माझी. विषयात लिहिलं होतं 'अपघात – इतर'. 'इतर' म्हणजे काय, मी विचारलं. "जवळचं नातं नसलं की इतर." म्हणजे कायद्याने जे विचारायचं नाही ते त्यांनी विचारून, ऐकून, आपल्यापुरतं लिहूनही ठेवलं होतं.

तास संपत आला तेव्हा लिपिक खुर्ची जरा पुढे ओढून हळूच म्हणाले, "मॅडम, त्या दीडशे शब्दांत बसवायचं कसं हो? माझ्या भावाचं आहे, मुख्यालयात. आश्वासित प्रगती योजनेचा लाभ अडकलाय तीन वर्षं." मी कागद मागितला. आम्ही मिळून मजकूर लिहिला, तोच मऊ कोपऱ्यांचा पुठ्ठा टेकूला घेऊन. 'महोदय, मी एक प्रामाणिक कर्मचारी असून' ही सुरुवात मी खोडली. त्यांना ते जड गेलं. 96 शब्द झाले.

मामाचा दावा अजून चालू आहे, पुढची तारीख आहे. ती चौदा पानं मामीने शिवणाच्या यंत्राच्या खणात ठेवली आहेत. मामाने चष्मा लावून पंचनामा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला होता, वेळ घेऊन, जेवण थांबवून. वाचून झाल्यावर म्हणाला, "स्कूटर काळी लिहिलीय गं. माझी तर लाल."